जबड्याला गोळी लागली असेल, तर गोळीचा विचार सर्वांत शेवटी

एका निवासी डॉक्टरांचा प्रश्न असा: "रात्रपाळीत जबड्याला गोळी लागलेला रुग्ण आला. शुद्धीवर होता, पण सारखा उठून बसत होता. आम्ही त्याला आडवं ठेवायची धडपड करत होतो. गोळी गालाखाली हाताला लागत होती. ती आधी काढायची की जबडा आधी बसवायचा, यावर आमच्यात वाद झाला. अशा रुग्णात नेमका क्रम काय? आणि हाड उडालं असेल तर ते पहिल्याच ऑपरेशनमध्ये भरून काढावं का?"

सुरुवात तुमच्याच एका वाक्यापासून करतो. "सारखा उठून बसत होता." त्या क्षणी त्या खोलीत काय करायचं हे फक्त त्या रुग्णाला कळलेलं होतं. त्याला बसू द्यायचं.

हनुवटी म्हणजे जिभेची खुंटी. जीभ पुढे ओढून धरणारे स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूला बांधलेले असतात. गोळीने ती खुंटीच फुटली, किंवा दोन्हीकडे हाड मोडून मधला तुकडा सुटा झाला, की उताण्या माणसाची जीभ सरळ घशावर जाऊन बसते. वरून रक्त, लाळ, दातांचे तुकडे. तोच माणूस पुढे वाकून, मान खाली घालून बसला की सगळं भांड्यात ठिबकतं आणि जीभही पुढे लोंबते. पहिल्या महायुद्धात विल्यम केल्सी फ्राय या लष्करी डॉक्टरांनी चेहऱ्याला गोळी लागलेल्या एका सैनिकाला असंच पुढे वाकवून, चालवत उपचार केंद्रापर्यंत आणलं होतं. तिथे त्याला स्ट्रेचरवर उताणं झोपवलं आणि तो गुदमरून गेला. शंभराहून जास्त वर्षं झाली, पण स्ट्रेचर दिसलं की माणूस उताणा टाकायचा ही सवय काही गेली नाही.

मानेच्या मणक्याची भीती मला मान्य आहे. पण रुग्ण शुद्धीवर आहे, हातपाय व्यवस्थित हलवतोय आणि गोळीचा मार्ग मानेच्या मणक्याकडे जात नाही, तर श्वास आधी. मणका स्थिर ठेवायला लावलेल्या कॉलरखाली मानेतली वाढती सूज झाकली जाते, हेही लक्षात असू द्या. बेशुद्ध असेल तर कुशीवर घ्या, बोटाने तोंड साफ करा. जीभ मागे पडत असेल तर जाड रेशमी टाका जिभेतून घालून पुढे ओढा आणि कोणाच्या तरी हातात द्या. दिसायला रानटी वाटतं, पण तेवढ्यात मिळालेली पाच मिनिटं पुरतात.

भूलतज्ज्ञाला लवकर बोलवा, आणि त्यांच्याशी आधी बोला. मास्क या चेहऱ्यावर नीट बसणार नाही, हवा बाजूने निसटेल. त्यामुळे स्नायू सैल करणारं औषध देऊन मग बघू, असं इथे चालत नाही. दोन सक्शन चालू, मान धुऊन तयार, गळ्याच्या पुढच्या बाजूला कुठे छेद घ्यायचा ते पेनने आखलेलं आणि तो घेणारा माणूस हातमोजे घालून उभा, एवढं झाल्यावरच श्वासनळीत नळी घालायचा प्रयत्न. गंमत म्हणजे पुढचा जबडा मोडलेला असला की कधीकधी नळी अपेक्षेपेक्षा सोपी जाते, कारण अडवायला हाडच उरलेलं नसतं. त्यावर विसंबू मात्र नका. आज श्वास ठीक दिसतोय म्हणून नळी टाळली, असंही करू नका. जिभेची आणि तोंडाच्या तळाची सूज पहिल्या दोन दिवसांत वाढतच जाते. पुढे तीन-चार वेळा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायचं आहे हे दिसत असेल, तर ट्रॅकिओस्टोमी, म्हणजे गळ्याला छेद देऊन थेट श्वासनळीत नळी बसवणं, वेळेवर, शांतपणे केलेली बरी. मध्यरात्री घाईने करावी लागणं हा सगळ्यांत वाईट पर्याय.

रक्तस्रावाबद्दल फार लांबण लावत नाही. बोटाने दाब, गॉझ, नाकामागून येत असेल तर दोन्ही नाकपुड्यांतून फुग्याच्या नळ्या. नळी सुरक्षित झाली की तोंडात घट्ट पॅक. मोडलेल्या तुकड्यांच्या शेजारच्या दातांभोवती तार पिळून हाड जागेवर आणलं, की निम्मं रक्त तिथेच थांबतं. गालात आंधळेपणाने चिमटे मारू नका. त्या चिमट्यात रक्तवाहिनीबरोबर चेहऱ्याची नस (चेहऱ्याचे स्नायू हलवणारा मज्जातंतू) सापडते, आणि ती कायमची जाते. तरीही थांबत नसेल तर अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचं चित्र) करून रक्तवाहिनीची नेमकी फांदी आतून बंद करावी. बाहेरची कॅरॉटिड (चेहऱ्याला रक्त पुरवणारी मानेतली धमनी) बांधून अनेकदा पदरात काही पडत नाही, कारण चेहऱ्याला दुसऱ्या बाजूनेही भरपूर रक्त मिळतं. मानेत सूज असेल, ठोका जाणवत असेल किंवा गोळीचा मार्ग मानेत उतरत असेल, तर सीटी अँजिओ हवाच.

आणि डोळे. पापण्या सुजून बंद व्हायच्या आत बॅटरी मारून बघा. दिसतंय का, बाहुली आकसते का, एवढं दोन ओळींत लिहून ठेवा, पुढे त्याचा फार उपयोग होतो. डोळा फुटल्याची शंका असेल तर बोट लावू नका, वर कडक कप ठेवा. डोळ्यामागे रक्त साचून डोळा दगडासारखा कडक होऊन पुढे येत असेल, तर बाहेरच्या कोपऱ्याला तिथल्या तिथे छेद देऊन दाब सोडा. दृष्टिपटलाकडे दीड तासाच्या आसपास वेळ असतो, सीटीची रांग तेवढ्यात संपत नाही.

आता तुमच्यातल्या वादाकडे येतो. गोळी.

नातेवाईक पहिला प्रश्न हाच विचारतात, "गोळी निघाली का?" लोकांच्या मनात गोळी म्हणजे काटा. काटा निघाला की दुखणं गेलं. प्रत्यक्षात गोळीने जे करायचं ते थांबण्याआधीच केलेलं असतं. गालाच्या मांसात निपचित पडलेलं शिसं सहसा काही त्रास देत नाही. ते शोधायला निरोगी भागातून वाट काढत गेलं, तर गोळीने जी नस सोडली ती आपण कापतो. काढायची कधी? सहज हाताला लागत असेल, जखम धुताना समोर आली असेल, मोठ्या रक्तवाहिनीला किंवा डोळ्याला टेकून असेल, किंवा जबड्याच्या सांध्यात असेल तेव्हा. सांध्यातली ठेवू नका, कारण सांध्यातल्या द्रवात शिसं हळूहळू विरघळतं आणि काही वर्षांनी शिशाची विषबाधा समोर येते. छर्‍याच्या बंदुकीतून अगदी जवळून मार बसला असेल, तर छर्‍यांपेक्षा त्यांच्यामागची चकती (वॅड) शोधा. कागदाची, बुचाची किंवा प्लास्टिकची ती चकती जखमेत खोल जाते, एक्स-रेत बहुधा दिसत नाही आणि आठवड्याने पू घेऊन येते.

गोळी तापलेली असते म्हणून जंतुविरहित असते, ही समजूत मी डॉक्टरांच्याही तोंडून ऐकली आहे. चुकीची आहे. गोळी कपड्याचे धागे, दाढीचे केस आणि तोंडातले जंतू बरोबर घेऊनच आत जाते. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि तोंडातल्या जंतूंवर चालणारं प्रतिजैविक लगेच सुरू करा.

गोळी काढलीच, तर दात असलेल्या चिमट्याने धरू नका. तिच्यावरचे ओरखडे हा पुरावा असतो. चिमट्याच्या टोकांना रबराची नळी चढवा किंवा बोटांनी उचला. आणि केसपेपरवर "आत जाण्याची जखम", "बाहेर पडण्याची जखम" असं ठोकून लिहू नका. जागा, माप, कडा, काळेपणा, जे दिसतं तेवढंच लिहा. कोणती कुठली हे ठरवणं न्यायवैद्यकाचं काम, आपला अंदाज चुकतो.

नुकसान किती, हे गोळीच्या आकारावरून कळत नाही. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट. पिस्तुलाची गोळी सेकंदाला साधारण 250 ते 450 मीटर, रायफलची 700 मीटरच्या पुढे. त्यातली किती ऊर्जा चेहऱ्यात उतरली, यावर सगळं. वरच्या जबड्याचं हाड पातळ आणि आत हवेच्या पोकळ्या, त्यातून गोळी आरपार निघून जाऊ शकते. खालचा जबडा टणक. तो गोळीला अडवतो आणि त्याची किंमत मोजतो, भुगा होतो. त्या भुग्यातला प्रत्येक कण आणि प्रत्येक दात छोटी गोळी बनून आजूबाजूला घुसतो. म्हणून जिभेवरून बोट फिरवा. डोळ्यांना काही दिसत नाही, पण बोटाला जिभेच्या आत खडा लागतो. तो दाढेचा तुकडा असतो. सगळे दात मोजा. तोंडातले, रक्ताच्या भांड्यातले, गालात रुतलेले. हिशेब जुळला नाही तर छातीचा एक्स-रे काढा, बेपत्ता दात फुप्फुसात सापडतो.

यानंतरच्या दोन तासांवर रुग्णाचा पुढचा चेहरा ठरतो, आणि त्या दोन तासांत करायचं काम म्हणजे धुणं. कोमट सलाईन, भरपूर, काही लिटर. मऊ ब्रशने बंदुकीच्या दारूचे काळे कण काढणं, कारण ते राहिले तर गोंदणासारखे कायमचे दिसतात. आणि कात्री हातात असूनही न वापरणं. पायाच्या जखमेत आपण शंका येईल ते कापून टाकतो. चेहऱ्याला ते लागू नाही. इथला रक्तपुरवठा इतका दांडगा असतो की निळसर, काळवंडलेली, एका बोटभर देठावर लोंबणारी कातडीही जगते. जे उघड मेलं आहे तेवढंच काढा. शंका असेल ते ठेवा, 24 ते 48 तासांनी पुन्हा भूल देऊन बघा. मेलेलं असेल तर तेव्हा स्वतःच सांगेल.

हे मी पुस्तकातून शिकलो असं म्हणायला मला आवडलं असतं. उमेदवारीच्या काळात एका रुग्णाच्या ओठांच्या फाटक्या कडा मी "ताज्या" करून घेतल्या, दोन्हीकडून दोन-तीन मिलिमीटर, मन लावून. शिवण सुंदर दिसली. तीन महिन्यांनी तो आला तेव्हा त्याचं तोंड एवढं आकसलेलं होतं की जेवणाचा चमचा आडवा जाईना. तो चहाचा चमचा घेऊन फिरत होता, खिशातून काढून दाखवला. मी कापलेला ओठ मला कुठूनच परत आणता आला नाही. कोपरे मोठे करता येतात, पण ओठासारखं दुसरं कातडं शरीरात नाही.

हाडाच्या तुकड्यांनाही हाच नियम. आवरण चिकटलेला, स्नायूला लोंबणारा तुकडा ठेवा. आवरण निघून सुटा झालेला बारीक चुरा काढा. दात मोडका असला तरी जबड्याची रुंदी आणि चावा ठरवायला उपयोगी पडत असेल, तर तूर्त राहू द्या.

आणि ज्याच्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो ते असं. पहिल्या दिवशी चेहऱ्याचं किती गेलं याचा निवाडा करू नका. गोळीची जखम फसवी असते. गालाची कातडी आकसून कानाकडे ओढली जाते, जबड्याचे तुकडे स्नायू आपापल्या दिशेला ओढतात, आणि मधोमध मूठ मावेल एवढं भगदाड दिसतं. बघणारा म्हणतो, अर्धा चेहरा गेला. मग तुम्ही एकेक तुकडा आपल्या जागी आणू लागता. ओठाची लाल कड लाल कडेला, पापणी पापणीला, दाढ दाढेवर. शेवटी जे भगदाड उरतं ते अनेकदा सुरुवातीच्या निम्म्याहूनही लहान असतं. पहिल्या महायुद्धात सिडकप इथे 1917 साली उघडलेल्या क्वीन्स हॉस्पिटलमध्ये हॅरल्ड गिलीज यांनी हजारो सैनिकांचे चेहरे दुरुस्त केले. जे शाबूत आहे ते आधी त्याच्या मूळ जागी न्या आणि तिथे टिकवा, हे त्यांचं सूत्र. त्याआधी जखम नुसती ओढून शिवत, आतलं हाड नसताना. व्रण आकसला की चेहरा आत खचायचा, आणि तो पुन्हा उलगडून मुळापासून सुरुवात करावी लागायची. (जाता जाता: नळी घालून भूल द्यायची आजची पद्धतही याच रुग्णालयात आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबॉथम यांनी घडवली. सर्जन तोंडावर काम करत असताना त्याच तोंडावर मास्क धरणार कसा, या अडचणीतून.)

म्हणून जबडा "आधी की नंतर" याचं उत्तर दोन भागांत आहे. आकार आधी, भर नंतर.

आकार म्हणजे दात एकमेकांत बसवून वरचा-खालचा जबडा तारांनी बांधणं. हाडावर बसवायची धातूची पट्टी, म्हणजे प्लेट, त्यानंतर. तरुण सर्जन आधी प्लेट लावतो, हाड सरळ दिसतं म्हणून खूश होतो, आणि चार दिवसांनी रुग्ण सांगतो की दाताला दात लागत नाही. हाडाची रेघ फसवते, चावा फसवत नाही. जबडा बांधला की रुग्णाच्या उशाशी तार कापायची पक्कड दोरीने बांधून ठेवा आणि प्रत्येक पाळीच्या नर्सला ती हातात घेऊन दाखवायला लावा. कपाटातली पक्कड उलटीच्या वेळी सापडत नाही.

भुगा झालेल्या भागावर छोट्या प्लेट चालत नाहीत. तिथे जाड पुनर्रचना प्लेट लागते, 2.4 मिलिमीटर स्क्रूंची, आणि भुग्याच्या दोन्ही बाजूंना चांगल्या हाडात किमान तीन-तीन स्क्रू. सगळा चावण्याचा भार त्या प्लेटनेच उचलायचा असतो. जखम घाण असेल, वर झाकायला मांस नसेल, तर बाहेरून सळ्यांची चौकट लावा आणि थांबा. झाकण नसलेली प्लेट आज ना उद्या बाहेर येते.

मऊ भागात दोन गोष्टी शिवण्याआधीच शोधायच्या. पहिली, चेहऱ्याची नस. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून खाली रेघ ओढा. तिच्या कानाकडच्या बाजूला नस तुटली असेल तर जोडायची. नाकाकडच्या बाजूच्या फांद्या इतक्या बारीक असतात की त्या आपल्या आपण बऱ्यापैकी सावरतात. तुटलेलं पुढचं टोक विद्युत उद्दीपनाला फक्त 72 तासांच्या आसपास प्रतिसाद देतं, नंतर ते शोधणं म्हणजे गवतात सुई. गोळीच्या धक्क्याने टोकं चेचलेली असतील तर निदान रंगीत टाक्याने खूण करून ठेवा. दुसरी गोष्ट, लाळेची नळी. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालात तिचं तोंड असतं. तिथून बारीक कॅथेटर सरकवा. ते जखमेत डोकावलं तर नळी तुटली आहे, जोडा. नाही जोडली तर जेवायच्या वेळी गालातून लाळ वाहणारा माणूस तुमच्या ओपीडीत वर्षभर येत राहील.

आता भर. हाड खरंच उडालं असेल तर पहिल्या रात्री नाही. त्या जखमेच्या कडा अजून मरायच्या असतात आणि त्यावर बेतलेलं सगळं सैल पडतं. पण महिनोन्‌महिने थांबायचा जुना रिवाजही मला पटत नाही. व्रण एकदा कडक झाला की जागा हरवते. धुणं दोन-तीनदा होऊन जखम स्वच्छ, गुलाबी झाली, रुग्णाचं पोषण सावरलं, की पहिल्या काही आठवड्यांतच भर घालावी. दरी साधारण पाच सेंटिमीटरच्या आत आणि आजूबाजूचं मांस निरोगी असेल, तर कमरेचं हाड पुरतं. त्याहून मोठी असेल, किंवा हाडाबरोबर मांसही गेलं असेल, तर स्वतःच्या रक्तवाहिनीसकट हाड आणावं लागतं. त्यासाठी पायातलं बारीक हाड, फिब्युला. 1989 मध्ये डेव्हिड हिडाल्गो यांनी त्यापासून खालचा जबडा घडवल्याचं प्रसिद्ध केलं, आणि आज जगभर पहिली पसंती तीच. सुमारे 22 ते 25 सेंटिमीटर सरळ हाड मिळतं, बरोबर कातडीही येते. गुडघ्याकडे आणि घोट्याकडे सहा-सात सेंटिमीटर सोडलं की माणूस नीट चालतो. सरळ हाडाला खाचा पाडून जबड्याचा बाक द्यायचा, मानेतल्या वाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडायचं. पायाचा सीटी अँजिओ आधी करा. फिब्युलाबरोबर येणारी वाहिनीच काहींच्या पायाला रक्त देणारी मुख्य वाहिनी असते. मानेतल्या वाहिन्याही गोळीच्या मार्गापासून लांबच्या निवडा. जवळची दिसायला ठीक असते, पण आतलं अस्तर दुखावलेलं असतं आणि रात्रीतून गुठळी होते.

नाक, ओठ, पापण्या, सगळंच मध्यातून गेलेलं असेल तिथे आपल्या शिवणकामाला मर्यादा आहे. 2008 मध्ये क्लीव्हलंडला मारिया सीमिओनोव्ह यांच्या पथकाने चेहऱ्याचं जे प्रत्यारोपण केलं ते बंदुकीच्याच जखमेसाठी होतं, आणि 2010 मध्ये बार्सिलोनातलं पूर्ण चेहऱ्याचं प्रत्यारोपणही. पण त्यापुढे आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. मी तो विषय स्वतःहून काढत नाही, रुग्णाने काढला तर टाळतही नाही.

काही रुग्णांनी स्वतःवरच गोळी झाडलेली असते. तिथे मानसोपचारतज्ज्ञ पहिल्या दिवसापासून हवेत. जबडा बरा झाल्यावर बघू, असं नको. "असं का केलंस" हा प्रश्न वॉर्डात कोणी विचारणार नाही, एवढी शिस्त मी पाळायला लावतो, माझ्या वरिष्ठांनाही.

गळ्यात नळी असलेला माणूस बोलू शकत नाही, म्हणून पाटी-पेन्सिल किंवा मोबाइल शुद्धीवर येताच हाताशी द्या. बहुतेकांचं पहिलं लिखाण एकच असतं, "पाणी". नाकातून नळी घालून पहिल्या चोवीस तासांत अन्न सुरू करा, किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं. महिनाभर तोंडाने घेता येणार नाही असं दिसत असेल तर पोटातून नळी. उपाशी माणसाला लावलेला सर्वोत्तम फ्लॅपही (दुसरीकडून रक्तवाहिनीसकट आणलेलं हाड-मांस) कुजतो.

शेवटचं काम सगळ्यांत कंटाळवाणं, आणि तेच राहून जातं. तारा निघाल्या की तोंड उघडायचा व्यायाम. घशात बघायच्या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दाढांमध्ये धरायच्या, दिवसातून पाच-सहा वेळा, दर काही दिवसांनी एक पट्टी वाढवायची. निरोगी तोंड 40 मिलिमीटरच्या आसपास उघडतं. 35 पर्यंत आलात तर माणूस पोळीचा घास नीट घेतो. पट्ट्यांची गड्डी रबरबँड लावून रुग्णाच्या हातात द्या, आणि दर भेटीला आज किती झाल्या ते त्याच्याकडूनच मोजून घ्या.